बांधावरची काचेची तार

तार टाकली त्या दिवशी बांधावर आमी सात जणं हुतो. मी. माझा ल्योक. माझी सून, तिचं काम चालू हुतं म्हणून ती मधनं मधनं येऊन बघून जायची. सात वर्साची नात, पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवून आलेली. बांधापलीकडचं आण्णा आणि त्यांची मंडळी, म्हणजी अक्का. आणि गावात टीव्हीची केबल जोडतोय तो केबलवाला. माझं मालक न्हवतं. त्यांस्नी जाऊन तवा सा वर्सं झालती.

आमचं घर गावात न्हाई, मळ्यात हाय. गावात चालत जायाला अर्धा तास. जयसिंगपूरला जायाचं म्हटलं तर आदी गावात जायाचं, मग यष्टी. घराच्या चारी बाजूनं ऊस. ऊस डोक्याच्या वर गेला की फोनची रेंज जाती आणि तोडणी झाली की परत येती. ह्ये आमच्याकडं सगळ्यांस्नी ठावं हाय. सोयरीक जुळवायची झाली तरी लोकं म्हणत्यात, तोडणी होऊंदे, मग फोनवर सावकाश बोलू.

मालक गेल्यावर मी त्या घरात एकटी ऱ्हायली. एक म्हस हुती. सांजचं डेरीत दूध घालायला गेलो की तोंडातनं पयला शब्द घोगरा निघायचा, कारण दिसभर आवाज वापरलेलाच नसायचा. डेरीतला माणूस म्हणायचा, "मावशी, सर्दी झालीया काय?" मी म्हणायचो, "व्हय." दुसरं काय सांगायचं.

पोरगा पुण्याकडं कारखान्यात हुता. लॉकडाऊनमधी कारखाना बंद पडला तवा तिघंबी घरला आली. आलती चार दिसासाठी, पर ऱ्हायली. पोरानं आणिक तीन म्हशी घेतल्या. सुनंचं काम मातूर चालू ऱ्हायलं. ती कम्प्युटरवर परदेशातल्या दवाखान्यांची कागदं तपासती. मी एकदा इचारलं, "म्हणजी करतीस काय गं नेमकं?"

ती म्हणाली, "आत्ती, पेशंट तिकडचा, डॉक्टर तिकडचा. कागदात चूक असली तर ती मी शोधायची."

मी म्हटलं, "चुका शोधायला सुनंला पगार देत्यात व्हय? आमच्या सासवांनी ह्येच काम जलमभर फुकाट केलं."

ती लई हसली. मग पोराला सांगितलं, तोबी हसला. त्या वक्ताला वाटलं, ह्यास्नी आता हितनं जाऊ द्यायचं न्हाई.

पर रेंजचा घोर हुता. ऊस असो नसो, कम्प्युटर चालंल एवढी रेंज यायची ती माडीवर, पाण्याच्या काळ्या टाकीच्या अंगाला, दोन हात जाग्यात. तितं ती पाट घेऊन बसायची. ऊन असलं तर छत्री, पाऊस असला तरी छत्री, आणि छत्री कम्प्युटरवर, डोक्यावर न्हवं. वाटंनं जाणाऱ्या बायका मला इचारायच्या.

"काय वो, सून टाकीवर का बसलीया? रुसली काय?"

"रुसंल कशाला? नोकरी करत्या."

"टाकीवर?"

"मग तुमची कुठं करत्या?"

मी त्वांड मिटवायचो त्यांची, पर मला दिसत हुतं. तिचं बोलणं मधीच तुटायचं. ती उठून उभी ऱ्हायाची, टाकीला वळसा घालायची, "हॅलो, हॅलो" करायची. दोनदा तर मी तिला तितंच डोळं पुसताना बघितलं. खाली आली की मातूर सांगायची, "काही नाही आत्ती, धूळ गेली."

मग एक दिस जेवताना तिनं सांगितलं. कंपनी म्हणत्या, दोन महिन्यात घरात पक्कं नेट घ्या, न्हाईतर पुण्याला हापिसात या.

नात म्हणाली, "मग आज्जी पण येणार?"

मी पोराच्या ताटात भात वाढला. त्येला नको हुता तरी त्यानं खाल्ला.

सरकारची तार गावात पंचायतीपातूर आलती. तितनं केबलवाल्यानं गावात घराघरात नेट दिलं हुतं. मळ्यात यायला तो तयार न्हवता. पोरगा चारदा जाऊन आला तवा येऊन बघितलं त्यानं. म्हणाला, "मावशी, रस्त्याकडंला आण्णांच्या घराजवळच्या खांबापातूर माझी तार हाय. तितनं सरळ तुमच्या घराला यायचं तर आण्णांचा बांध. कॅनॉलकडनं फिरून आणायची म्हटली तर लांब पडतंय, आणि खांबावनं आणली की उसाची भरलेली ट्रॉली एका दिसात तोडून जाती. बांधावनं पाइपात घालून आणतो. पर आण्णा हो म्हणायला पायजेत."

पोरगा म्हणाला, "मग झालं. मिटला इषय."

कारण असं, माझं मालक आणि आण्णा एका वर्गात शिकलेलं. एका उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवनं वाजलं. आण्णा म्हणालं, तुमी बांध आमच्याकडं सरकवलासा. मालक म्हणालं, दाखव कुठं सरकलाय. तवापासनं दोन्ही घरांचं बोलणं बंद. मालक गेलं तवा आण्णा आलं, लांब उभं ऱ्हायलं, आणि गेलं. बांध सरकला हुता काय? व्हय. वीतभर सरकला हुता. मला ठावं हुतं, मी कवा बोललो न्हाई.

पोराला म्हटलं, तू जा. तो म्हणाला, "मी त्यांच्या दारात जाणार न्हाई." मग मी गेलो. ती जैनाची माणसं, दिवस मावळायच्या आत जेवत्यात, म्हणून उन्हं असतानाच गेलो.

अक्का अंगणात भांडी घासत हुती. माझ्याकडं बघितलं आणि हातातलं पातेलं तसंच ठेवलं.

"किती वर्सानं वाट चुकलीस गं?"

"चुकली न्हाई. कामानं आलोय."

"काम असल्याशिवाय कशाला येशील? ये, बस. जेवणार काय?"

"जेवून आलोय."

"खोटं बोलतीस. या टायमाला तुमच्यात चूल तरी पेटती का?"

आण्णा आतनं आलं. बसलं. मी सगळं सांगितलं. सून, टाकी, छत्री, कंपनी. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणालं, "वैनी, त्या तारंत करंट असतोय काय?"

"न्हाई म्हणं. काचंची तार असती. आतनं उजेड जातोय."

"उजेड? मग किडं येतील की माझ्या उसात."

अक्का म्हणाली, "गप बसा की वो. ती बाई एवढ्या लांब चालत आलीया."

आण्णा म्हणालं, "गप कसा बसू? बांध माझा हाय." मग लई येळ बांधाकडं बघत बसलं. "बरं. टाका. पर दोन गोष्टी. बांधाची चिमूटभर माती इकडची तिकडं व्हायची न्हाई, तुमी सोता उभं ऱ्हायाचं. आणि उद्या त्या तारंचं काय झालं, उंदरानं खाल्ली, नांगरात आली, काय बी, तर माझ्या दारात कोण यायचं न्हाई."

मी म्हटलं, "कोण येणार न्हाई. माझा शब्द."

म्हणून त्या दिवशी बांधावर सात जणं हुतो. केबलवाला फावड्यानं वीतभर चर मारत हुता, मी मागनं पायानं माती ओढून परत बांधावर घेत हुतो. आण्णा एका अंगाला, मी एका अंगाला. केबलवाल्यानं नातीला तार सोलून दावली. आतली काच केसापरीस बारीक. नात म्हणाली, "आज्जी, ह्याच्यातनं मम्मीचा आवाज कसा जाणार?" मी म्हटलं, "जाऊंदे बाई, जातोय न्हवं." आमच्या हद्दीत पाण्याचा पाट हाय, तितं पाइप पाटाच्या वरनं घेतला आणि वर माती लोटली. अक्कानं सगळ्यांस्नी ताक दिलं. सांजच्याला घरात भिंतीवर लावलेल्या नेटच्या डब्याला हिरवा दिवा लागला आणि सून खोलीतनं वरडली, "आलं!"

त्यानंतरचं आठ महिनं माझं सगळ्यात बरं दिस गेलं. खरं बोलायचं तर घर भरलेलं असून बी दिसभर गपच असायचं. सुनंचं दार लावलेलं. आतनं इंग्रजी यायचं. मी भांडी घासताना बी हळू घासायचो. पर दाराच्या पलीकडं माणूस हाय, ह्ये ठावं असणं येगळं. दुपारी ती दार उघडून इचारायची, "आत्ती, चहा टाकू?" त्या एका वाक्यासाठी मी सकाळपासनं बसून असायचो, ह्ये तिला कवा कळलं नसंल.

आणि मग त्यात मीच काडी लावली.

थंडी सरत आलती. आमचा ऊस तुटून गेलता, रानात पाला गुडघाभर पडलेला. आण्णांचाबी तुटलता, त्यांनी दोन दिस आदी आपला पाला पेटवलता. पोरगा मला म्हणाला हुता, "आई, औंदा पाला पेटवायचा न्हाई. कुट्टी करू, खत हुतंय." मी बरं म्हटलं. पर चाळीस वर्सं मी त्या रानातला पाला पेटवत आलोय. तोडणी झाली की पाला पेटवायचा, ह्येच ठावं. आणि त्या सकाळी पाल्याच्या कडंला मला सापाची कात घावली. लांब, ताजी. नात रोज तितनं पळत म्हशीकडं जायाची.

पोरगा पेंड आणायला जयसिंगपूरला गेलता. नात शाळंत. सुनंचं दार लावलेलं. तिनं आदल्या दिशी सांगितलं हुतं, "आत्ती, उद्या मोठे साहेब बोलणार आहेत, माझं वर्षाचं काम बघणार. अजिबात आवाज नको." म्हणून मी दार वाजवलं न्हाई. इचारायला कोण न्हवतं, आणि इचारायचं हाय असं मला वाटलंबी न्हाई.

घराकडचा पाला पयला ओढून लांब न्यायचा असतोय, गोठ्याला आच लागू ने म्हणून. तसा मी दाताळ्यानं ओढला आणि खाली पाटाच्या कोपऱ्यात ढीग केला. वारं न्हवतं. काडी लावली.

पाटाच्या पाण्यानं आठ महिन्यात पाइपावरची माती धुवून गेलती. पाइप उघडा पडून पाल्याखाली झाकला गेलता. मी सोता पायानं माती ओढलेली ती जागा. मला आठवण ऱ्हायली न्हाई. काळा धूर निघाला, प्लास्टिकचा वास आला, तवा आठवलं. दाताळं घालून ढीग फोडायला गेलो तवर पाइप मऊ होऊन वाकला हुता.

सून अंगणात पळत आली. डोक्याला तो फोन तसाच अडकवलेला.

"आत्ती, नेट गेलं! साहेब बोलत होते!" मग तिनं धूर बघितला. "हे कुणी पेटवलं?"

काडेपेटी माझ्या कंबरंला खोचलेली हुती, पदराखाली. मी म्हणालो, "आण्णांकडनं ठिणगी आली बग. परवा पेटवलतं त्यांनी, अजून बुडखं धुमसत्यात."

एवढंच बोललो. त्येला काय येळ लागला न्हाई. त्या आदी मी जलमात कुणावर आळ घेतला न्हवता, म्हणून तिनं लगीच खरं मानलं.

ती टाकीवर पळाली. रेंज आली, तवर साहेबांचं बोलणं संपलतं.

पोरगा आला आणि पेंडीचं पोतं टाकून तसाच आण्णांच्या दारात गेला. मी मागनं गेलो, पर माझं गुडघं चालत न्हाईत त्येच्यासंगं. मी पोचलो तवर तो बोलून बसला हुता. "एवढं दिस जपून ठेवलासा काय राग? तोंडावर हो म्हणायचं आणि मागनं जाळायचं? माझ्या बायकूची नोकरी जाती, कळतंय का?"

अक्का म्हणत हुती, "अरं कोण जाळलं? कवा?"

आण्णा उभं हुतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "वैनी, तुमी सांगा."

मी खाली बघितलं.

आण्णा म्हणालं, "बरं." आणि मग पोराला म्हणालं, "तार आता माझ्या बांधावनं न्हाई."

केबलवाला चौथ्या दिसाला आला. जोड देऊन भागत न्हाई, खांबापासनं सगळी नवी वडायला लागंल म्हणाला. आण्णांनी बांधाला हात लावू दिला न्हाई. कॅनॉलकडनं आणायला केबलवाला तयार झाला न्हाई. सून परत टाकीवर बसली, पर आता ऊन वाढलतं आणि साहेबांची मर्जी गेलती. महिन्याभरात ती पुण्याला गेली. नातीची परीक्षा झाल्यावर पोरगा आणि नात गेली. म्हशी इकल्या. एक मला ठेवली.

जाताना सून माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आत्ती, तुमचा काय दोष? तुम्ही तर स्वतः जाऊन तार आणलीत." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या वक्ताला सांगायला पायजे हुतं. यष्टीत बसूपातूर येळ हुता. न्हाई सांगितलं.

उन्हाळा गेला, ऊस परत वर आला, रेंज गेली. रातीला घरात मी आणि डबा. त्यो हिरवा दिवा लागत न्हाई, तरी त्यो अजून भिंतीवर हाय, कोण काढायला आलं न्हाई. मी त्येच्यावरची धूळ पुसतो. कोण इचारलं, का पुसतीस, तर सांगता यायचं न्हाई.

गणपतीच्या आदी मी आण्णांच्या दारात गेलो. कोण बरोबर न्हवतं. आण्णा शेंगा फोडत बसलं हुतं. बस म्हणालं न्हाईत, मी उभीच ऱ्हायली.

"आण्णा, पाला मी पेटवलता."

"मला ठावं हाय."

"कसं?"

"माझं रान दोन दिस आदीच गार झालतं. आणि तुमच्या घराकडचा पाला वडून कोपऱ्यात घेतल्याला दिसत हुता. ठिणगी काय दाताळं घेऊन येती?"

"मग त्या दिशी बोलला का न्हाईसा?"

आण्णांनी दोन शेंगा फोडल्या. "पोरासमोर आईला खोटी पाडू काय? तुमचं तुमी सांगाल म्हणून वाट बघितली. लई दिस बघितली." मग म्हणालं, "टाका म्हणावं तार. बांध हाय तितं हाय."

"आता कुणासाठी टाकू?"

अक्का आतनं आली, माझ्या हातात मूठभर शेंगा दिल्या.

दुसऱ्या दिशी मी माडी चढलो. गुडघ्यामुळं एक एक पायरी बसत बसत. टाकीला टेकून पोराला फोन लावला. म्हटलं, "पाला मी पेटवलता. आण्णांनी न्हाई." पलीकडं काय आवाज न्हाई. मला वाटलं, रागावला. मग कळलं, फोनच कट झालता. परत लावला.

"काय म्हणत हुतीस आई? तुटलं."

पयल्यांदा म्हणायला मला सात महिनं लागलतं. दुसऱ्यांदा त्याहून जड गेलं. पर म्हटलं. ह्या डाव त्येला ऐकू गेलं. मग म्हणाला, "हं." मग म्हणाला, "गोळ्या घेत्यास न्हवं?"

"घेतोय."

त्यानं नंतर आण्णांस्नी फोन करून माफी मागितली. ह्ये मला अक्कानं सांगितलं, त्यानं न्हाई. सुनंला त्यानं सांगितलं का न्हाई, मला म्हाईत न्हाई. आता ऊस तुटलाय, फोनापुरती रेंज हाय; ती दर रविवारी फोन करती, पयल्यावानीच बोलती, मी इचारत न्हाई. नातीचं नाव तितल्या शाळंत घातलंया. ती आता म्हणत न्हाई, आज्जी पण येणार काय.

माझी चौथी झालीया. एवढं लिवायला मला लई दिस लागलं. कुणी वाचंल म्हणून लिवलंय. जो कोण वाचंल त्यानं एवढंच करावं. घरात काय बिघडलं, जळालं, हरवलं, तर शेजाऱ्याच्या दारात जायाच्या आदी घरातल्या म्हातारीला जवळ बसवा आणि एकदा इचारा. वरडून न्हवं. चहा टाकून, सावकाश इचारा, आणि ती बोलूपातूर थांबा.